रक्तात गहू निघाला

माझ्या पोरानं, दिलीपनं, घराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी ती घेऊन तसाच उभा राहिलो. आमच्या घराला दिवसा कुलूप कधी लागलंच नव्हतं. दोघांपैकी एक बाहेर गेला तर दुसरा घरी असायचाच. आता दुसरा नव्हता.

बुढीची, म्हणजे माझ्या बायकोची, तेरवी आटोपली होती. दारात शेजारपाजार जमला होता, पण कोणी रडत नव्हतं, सगळ्यांचं रडून झालं होतं. बुढीची लहान बहीण कांता बपेऱ्याहून आली होती, ती तेवढी बोलली. ती माझी साळी, बुढीला बाई म्हणते. साळी असल्यामुळे तिला माझ्याशी कसंही बोलायचा हक्क आहे आणि तिनं तो कधी सोडला नाही.

"भावजी, तिकडं जाऊन तोंड पाडून बसू नोका. पोटभर जेवत जा. बाईनं तुमच्या पोटासाठी जिंदगी घातली."

मी हो म्हटलं. पोटाचं मी काय करून बसलो आहे, हे तिला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

मला इंदूरला आपल्या घरी नेताना दिलीपनं गाडीत चिन्नोर तांदळाचं पोतं टाकलं. मी म्हटलं, "कायले नेतो?" तो म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठीच. इंदूरले असा तांदूळ भेटत नाही." मी तोंड फिरवलं. तुमसर रोडच्या स्टेशनवर गाडी येईपर्यंत त्या पोत्यावर बसून राहिलो.

नाकाडोंगरीकडच्या माझ्या माणसांनो, आणि पोरांच्या मागं सुरत, पुणे, रायपूर धरलेल्या म्हाताऱ्यांनो, हे मी तुमच्यासाठी लिहून राहिलो. चौथी शिकलेला माणूस आहे. कुठे चुकलं तर चुकलं. पण माझ्यासोबत जे झालं, ते अजून माझ्या डोक्यात नीट बसलं नाही. लिहिल्यानं बसेल असं वाटते.

बुढी कशी गेली हे गावाला माहीत आहे, बाहेरच्यांना नाही. दुपारची वेळ. तिनं माझ्या ताटात भात वाढला, म्हणाली, "थांबा, वरण आणतो," आणि चुलीजवळ गेली. भांडं पडल्याचा आवाज आला. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "सांडवलं का?" ती बोलली नाही. उठून पाहिलं तर ती पडली होती. हार्ट, असं डॉक्टर म्हणाला. तिचं हार्ट कधी दुखलं नव्हतं. दुखलं असेल तर मला सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं काही तरी सोडतात. कोणी वांगं सोडते, कोणी गोड सोडते. आमच्या बापानं आईच्या नावानं वर्षभर पायात चप्पल घातली नव्हती. वैनगंगेवर रक्षा सोडली तेव्हा पाण्यात उभं राहून मी मनात म्हटलं, बुढे, तुझ्या नावानं भात सोडला. वर्षभर तोंडात घालणार नाही.

बाहेरच्या माणसाला हे काही मोठं वाटणार नाही. पण आम्ही धानाची माणसं. सकाळी भात, संध्याकाळी भात, उरला तर दुसऱ्या दिवशी फोडणी घालून भात. पोळी आमच्या घरी क्वचित. आमचा बाप म्हणे, "घरी पोळी दिसली म्हणजे समजाचं, पाहुणा आला नाही तर कोणी बिमार आहे." अशा माणसानं भात सोडला. बुढीसाठी याच्याहून मोठं माझ्याजवळ सोडायला काही नव्हतं.

इंदूर म्हणजे गव्हाचा मुलूख. तिथले लोक गव्हाबद्दल असे बोलतात जसं आपण धानाबद्दल. आमची सून वैशाली लाखनीची पोरगी, तिच्याही माहेरी भातच. पहिल्या दिवशी तिनं आम्ही आणलेल्या पोत्यातला तांदूळ काढून मऊ भात केला, वर तूप सोडलं. मी ताट सरकवलं. म्हटलं, "पोळी दे." ती बिचारी घाबरली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून तिनं माझ्यासाठी दोन्ही वेळ फुलके सुरू केले. तव्यावरून ताटात, तूप लावून. दिलीपला वाटलं, बाबाला शहर मानवलं.

मग माझं पोट बिघडलं. आधी वाटलं पाण्याचा फरक. मग रोजचंच झालं. खाल्लेलं अंगी लागेना. धोतर कमरेवर थांबेना. गालाची हाडं वर आली. जिना चढताना दोनदा बसायचो. गल्लीतल्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, उमर है, गम है. लाल गोळ्या दिल्या. घरी सूनबाई मला ताकद यावी म्हणून गव्हाचा दलिया देऊ लागली. मधल्या वेळी चहात टोस्ट. जेवढी ताकद ती घालत होती तेवढा मी वाळत होतो.

आणि खरं सांगू? मला ते बरं वाटत होतं. गावाकडून फोन यायचे. व्हिडिओवर माझं तोंड पाहून शेजारचा गणपत म्हणाला, "बुढा बुढीच्या मांगं चालला बाप्पा." मी फोन ठेवला आणि मनात म्हटलं, चाललो तर चाललो. पन्नास वर्षं सोबत काढली, तर माणसानं असंच वाळावं. मी कधी तिच्यासमोर गोड बोललो नाही. माझ्या शरीरानं तरी बोलावं.

एक दिवस मोरीत चक्कर येऊन पडलो. दिलीपनं मोठ्या दवाखान्यात नेलं. नळ्या भरभरून रक्त घेतलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, तो दिलीपच्या मोबाइलवर होता. तो वाचत होता आणि त्याचं तोंड उतरत होतं. मी म्हटलं, "दाखव." आकडे मला वाचता येतात. पहिला आकडा हिमोग्लोबिनचा, अगदीच थोडा. तो समजला. खाली एका ओळीत टीटीजी असं काही लिहिलं होतं. बाजूला हद्द लिहिली होती वीस, आणि माझा आकडा दोनशेच्याही वर. मी म्हटलं, "हे तं चांगलं हाय ना? एक तरी गोष्ट अंगात भरपूर आहे."

"बाबा, हे भरपूर नको असते," दिलीप म्हणाला.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं दुर्बीण घालून पोटातला तुकडाही तपासला, आणि मग आम्हा तिघांना समोर बसवलं. म्हणाली, सीलिएक आहे. म्हणजे गहू चालत नाही. गव्हात, जवात एक चिकट पदार्थ असतो. माझं रक्त त्याला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडते. तो दोनशेचा आकडा म्हणजे त्या लढणाऱ्या फौजेचा आकडा. आतड्याच्या आत बारीक बारीक तुरे असतात, टॉवेलला असतात तसे. अन्नातलं सत्त्व तेच ओढून घेतात. माझे सगळे सपाट झाले होते.

टॉवेल मला समजला नाही. पण मला दिसलं ते पऱ्ह्याचं वावर. धानाची कोवळी रोपं उगवलेली आणि रात्रीतून मोकाट ढोरं घुसून जमिनीपर्यंत चरून गेलेली. तसं वावर मी पाहिलं आहे. त्यावर कितीही खत टाका, घेणारं कोणी नसते. म्हणून लाल गोळ्या लागल्या नाहीत.

मी विचारलं, "बाई, मग मी बुढीच्या दुःखानं नाही वाळलो?"

तिनं दिलीपकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "दुख अपनी जगह है बाबूजी. पर खून में जो दिख रहा है, वो गेहूँ है."

तुम्हाला कसं सांगू मला काय झालं. कोणीतरी चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं झालं. एवढे महिने मी ज्याला बुढीचं दुःख समजून छातीशी धरून बसलो होतो, ते फुलके निघाले. टोस्ट निघाला. गावभर लोक म्हणत होते बुढा बायकोच्या मागं चालला, आणि बुढा गहू खाऊन चालला होता. घरी येताना रिक्षात मी बाहेर तोंड करून बसलो. दिलीपला वाटलं बिमारीचं भ्यालो. बिमारीचं मी भ्यालो नव्हतो. मला वाटत होतं, आता माझ्याजवळ बुढीसाठी काहीच उरलं नाही.

घरातून गहू गेला. वैशालीनं डबे घासले, नवा तवा आणला, पोळपाट बदलला. बापाला एकटं वाटू नये म्हणून दिलीपनंही गहू सोडला. पुढच्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाली, हे रक्तातून पोराला येऊ शकते, दिलीपचीही तपासणी करा. दिलीप म्हणाला, मी तर गहू सोडला आहे. ती त्याच्यावर चिडलीच. म्हणाली, गहू पोटात नसेल तर फौज निजलेली राहते, मग तपासणीत काय दिसणार? खाओ, फिर आना. तर बापाला गहू बंद आणि पोराला औषधासारखा गहू सुरू, तोही दारच्या हॉटेलात. हे मात्र तुम्ही लक्षात ठेवा. कोणाला असा संशय आला तर आधी रक्त द्या, मग गहू सोडा. दिलीपचा आकडा नंतर हद्दीच्या आत निघाला. तो येईपर्यंत मी चार घास नीट गिळले नाहीत. पुढेही केव्हा तरी पुन्हा पाहावं लागेल म्हणतात.

माझ्यासाठी वैशाली भात लावायला निघाली. मी म्हटलं, "भाकर दे. ज्वारीची." तिनं भांडं जोरात ठेवलं. ज्वारी गल्लीतल्या चक्कीवर दळून आणायची. मी दोन्ही वेळ भाकर खायचो. पोट थोडं थांबलं, मी म्हटलं जमलं. गहूही सुटला, भातही सुटलेला राहिला.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. आकडा हललाच नव्हता. वरच अडकून बसला होता.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, चोरून बिस्कीट खाता का? मला राग आला. मी म्हटलं, मी म्हातारा आहे, चोर नाही. वैशालीनं सगळं सांगितलं, काय शिजते, कशात शिजते. चक्कीचं नाव निघालं तशी बाई थांबली. त्याच जात्यात आधी गहू, मग आमची ज्वारी. चक्कीला चिकटलेलं पीठ आमच्या पिठात येते. माझ्या फौजेला तेवढं पुष्कळ झालं. आणि मग ती हसून म्हणाली, "बाबूजी, आप तो भंडारा के हो. चावल खाइए न! घर का चावल, घर में पका. उससे सीधी दवा नहीं है आपकी."

मी म्हटलं, भात खात नाही.

"क्यों?"

वैशालीच बोलली. तिचे डोळे भरून आले होते. "मॅडम, माझ्या हातचा खात नाहीत. पहिल्या दिवशीपासून ताट सरकवतात. सासूबाईंसारखा मले जमत नाही, ते मलेही मालूम हाय. पण जीव जाऊन राहिला आणि तरी खात नाही."

बाप्पा! ती पोरगी एवढे महिने हे मनात ठेवून माझ्यासाठी फुलके लाटत होती. मला तोंड उघडावंच लागलं. त्या दवाखान्यात, मोठ्या दिव्याच्या उजेडात, परक्या बाईसमोर मी सांगितलं की नदीत उभं राहून बुढीच्या नावानं भात सोडला आहे. सांगता सांगता मला रडू फुटलं. तेरवीला रडलो नव्हतो एवढा रडलो. डॉक्टरीणबाईनं मान खाली घातली. दिलीप खिडकीकडे पाहत राहिला. वैशालीच उठली आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहान लेकराच्या फिरवतात तसा.

तरी मी हटलो नाही. बोललेलं बोललेलं असते. जिच्याशी बोललो ती सोडवायला नाही. मी दिलीपला म्हटलं, "वर्ष तं सरून जाईल, तवर पाहू." तो ओरडला, "बाबा, तवर तुमी राहाल का?"

घरी आल्यावर वैशालीनं मला न विचारता कांताला फोन लावला आणि माझ्या कानाला दिला.

"का जी भावजी," ती म्हणाली, "बाई मेली तं तुमची अक्कल बी सोबत नेली का?"

मी म्हटलं, "तुले काय समजते?"

"मले सप्पा समजते. बाईनं तुमाले म्हटलं होतं का, माह्या मांगं भात सोडजा? ती तं भात वाढता वाढता गेली. तुमाले सोडाले तिच्याच हातचं भेटलं? सोडाचंच होतं तं बिडी सोडाची होती! जिच्यावरून ती जिंदगीभर भांडली, ते नाही सोडलं बुढ्यानं. ते खिशात हाय अजून. हाय का नाही?"

होती. खिशातच होती. 

"आइका," ती म्हणाली, आता आवाज उतरला होता. "मी तिच्या रक्ताची आहो. तिच्या पाठची. तिच्याकडून मी सांगतो, तुमाले मोकळं केलं. भात खा. अन् तिच्या नावानं बिडी सोडा."

मी विचारलं, "असं बदलता येते का?"

"मले काय मालूम, मी का भट आहो?" ती म्हणाली. "पण ती असती तं खुश झाली असती. तुमाले नाही वाटत?"

मला वाटलं. म्हणून त्या दिवशी बिडीचं बंडल गच्चीवरून खाली टाकलं आणि संध्याकाळी भात खाल्ला. चव काही समजली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि वैशाली समोर बसून घास मोजल्यासारखी पाहत होती. बिडी सोडणं भाताहून जड गेलं, हेही सांगून टाकतो. अजून हात खिशाकडे जातो.

हळूहळू आकडा उतरला. मी विचारलं, एवढा हळू काहून? डॉक्टरीणबाई म्हणाली, हा साखरेचा आकडा नाही, आज खाल्लं नाही तर उद्या कमी दिसेल असा. फौज एकदा उभी झाली की घरी जायला महिने घेते. पूर्ण हद्दीत अजून आला नाही, पण जवळ आहे. हिमोग्लोबिन चढलं. धोतर कमरेवर थांबू लागलं. आरशात पाहिलं तर गाल भरलेले. आणि मला आनंद झाला नाही, पाहा. मला लाजच वाटली. बुढी नाही आणि माझं अंग मला न विचारता भरून राहिलं. शरीर एवढं निर्लज्ज असते, हे मला माहीत नव्हतं.

वर्षश्राद्धाला गावी आलो तेव्हा तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलंच. गणपत म्हणाला, "तब्येत तं मस्त बनवली जी! इंदूरचं पाणी लागलं." त्याचं काही वाईट नव्हतं. पण मी दोन मिनिटं त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

कुलूप उघडलं, घर झाडलं. शेजारच्या बायांनी स्वयंपाक उचलला, बुढीवर सगळ्यांचा जीव. पंगत बसली. माझ्याच घरी, माझ्याच ओट्यावर, पहिलं पान माझं. वडे आले, कढी आली. आणि मी हात आखडला. म्हटलं, "वड्यात कणीक टाकली का बाई?" वाढणारी म्हणाली, "हाओ, थोडीशी. फुटू नये म्हणून." मी वडे बाजूला केले. म्हटलं, "कढीत हिंग कोणता?" दुकानच्या हिंगातही कधी कधी गव्हाचं पीठ मिसळतात. पंगतीत हशा झाला. गणपत म्हणाला, "बुढा साहेब झाला. हिंगात काहून गहू राहील?" कांतानं त्याला गप्प केलं, ते तुम्ही ऐकलंच, मी पुन्हा लिहीत नाही.

हसल्याचा मला राग नाही. पण मला धक्का बसला तो माझ्याच तोंडाचा. त्या गावात मी जन्मलो. ज्या दारात गेलो तिथं बसलो आणि पुढं आलं ते खाल्लं. कोणाच्या घरी काय शिजलं हे विचारणं म्हणजे अपमान. आणि त्या दिवशी मी माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या बायकोच्या श्राद्धाच्या पानावर, पाहुण्यासारखा विचारून विचारून जेवलो. निम्मं पान तसंच राहिलं. रात्री त्या घरात निजलो तर झोप लागली, पण सकाळी चहासोबत काय खावं हे समजेना.

तुम्ही म्हणता, बुढा, परत ये, गाव गाव असते. खरं आहे. माझं घर तिथं आहे, ती पडली ती चूल तिथं आहे, वावर तिथं आहे. मला तिथं मरावंसं वाटेल. पण जेवावंसं वाटलं नाही. हे लपवून काय करू?

श्राद्ध करून इंदूरला परतलो. प्रवासात फक्त केळी खाल्ली होती. जिना चढलो, एकदाही बसलो नाही. वैशालीनं ताट लावून ठेवलं होतं. भात, तुरीचं वरण, भेंडी, आणि कसलं तरी भजं. मी हात धुतले, बसलो आणि जेवायला लागलो. काही विचारलं नाही.